ब्रेक ऑइलचं वय

दहा-बारा वर्षांची गाडी सांभाळणारे लोक इंजिन ऑइल वेळेवर बदलतात, पण ब्रेक ऑइलची फक्त डबीतली पातळी बघतात. पातळी भरलेली म्हणजे ऑइल चांगलं, हा समज धोक्याचा आहे. बहुतेक गाड्यांतलं डॉट-३ किंवा डॉट-४ ऑइल ग्लायकॉल वर्गातलं असतं. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि झाकण घट्ट असलं तरी रबरी नळ्यांमधून तो आत झिरपतोच. ताज्या डॉट-३चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. वजनाच्या ३.७ टक्के पाणी त्यात मुरलं, की मानकानुसार तो १४० पर्यंत उतरलेला चालतो. डॉट-४साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत.

यावर कुणी म्हणेल, ‘आमचे ब्रेक तर रोज छान लागतात.’ लागणारच, कारण शहरात ते फारसे तापत नाहीत. माणसं आणि सामान भरून आंबोलीचा घाट उतरताना ब्रेकवरचा पाय निघाला नाही, तर चाकापाशी ऑइल उकळून त्याची वाफ होऊ शकते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल नुसतंच खाली जातं. गाडी खालच्या गिअरमध्ये उतरवायलाच हवी, पण त्यानं ऑइलमधलं पाणी काही निघत नाही. ‘गाडी वापरतोच कुठे?’ हाही बचाव टिकत नाही. उभ्या गाडीतही ओलावा मुरतो, आणि कोकणासारख्या दमट हवेत तर अधिकच. गंजरोधक घटक संपत जातात, ब्रेकचे पिस्टन गंजून अडकतात. म्हणून किलोमीटर कितीही होवोत, साधारण दोन वर्षांनी, किंवा कंपनीच्या पुस्तिकेतल्या मुदतीला, ऑइल बदलावं. रंगावरून पाणी कळत नाही.

वरून थोडं नवं ओतल्यानं चाकांपाशी साचलेलं जुनं ऑइल बदलत नाही. शिवाय पातळी उतरते ती बहुधा पॅड झिजल्यामुळे किंवा गळतीमुळे. आधी ते तपासायला हवं. बदलताना चारही चाकांच्या निपलमधून स्वच्छ ऑइल येईपर्यंत जुनं काढावं लागतं. जुन्या गाडीत त्या वेळी पेडल तळापर्यंत दाबू नये, असं मेकॅनिकला आवर्जून सांगा. पेडलनं चालणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या एरवी न वापरलेल्या भागात गंज असला, तर सील तिथं घासून फाटतात. ऑइलही सीलबंद बाटलीतलंच घ्या. वर्षभर फडताळात उघडी पडलेली बाटली वापरू नका.