बाळाची खुर्ची, जंपर आणि आपली नजर

बारशाला किंवा मामाकडून हल्ली हमखास येणारी भेट म्हणजे खुळखुळे लावलेली बाळाची खुर्ची, नाहीतर दाराला टांगायचा स्प्रिंगचा जंपर. बाळ त्यात रमतं आणि आपले दोन्ही हात मोकळे होतात. एकटीने पोळ्या लाटायच्या, पाणी भरायचं, तर अशी सोय हवीच. ती वापरूच नका, असं आम्ही सांगणार नाही.

पण कधीपासून? महिने मोजू नका, मान बघा. कडेवर घेतल्यावर डोकं डुलत असेल, तर अजून थांबायचं. खोक्यावर वजन लिहिलेलं असतं, तेही वाचायचं. बाळ बसत नाही म्हणून बाजूने उशा कोंबून बसवणं तर नकोच. ते घसरतं आणि तोंड उशीत जातं.

सगळ्यात जपायचं ते झोपेला. हलता हलता बाळाला डुलकी लागते, घर शांत होतं, आपल्याला हायसं वाटतं. झोपलेल्या लेकराला हलवू नये, असं आजी सांगायची. इथे मात्र हलवायचंच. बसल्या बसल्या मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते आणि लहानशी श्वासनलिका दबते. तान्ह्या बाळाला मान परत वर करता येत नाही आणि गुदमरताना आवाजही येईलच असं नाही. म्हणून डोळे मिटले की लगेच उचलून सपाट अंथरुणावर उताणं झोपवा. रडलं तर रडू द्या.

एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे. ‘जंपरने पाय लवकर पक्के होतात’ हे दुकानदाराचं बोलणं झालं. त्यात बाळ चवड्यांवर नाचतं, पण अंग तोलून धरणं शिकत नाही. ते सतरंजीवर पालथं पडून, सरपटून, रांगूनच येतं.

खुर्ची ओट्यावर, टेबलावर, दिवाणावर कधीच नको. बाळाच्या हिसक्यांनी ती कडेकडे सरकते. जमिनीवरही आसपास गरम चहा, मच्छरची कॉइल, लोंबती वायर नको. जंपरचा चिमटा चौकटीच्या वरच्या कडेला धरतो. आपल्याकडच्या पुष्कळ चौकटी भिंतीत सपाट बसवलेल्या असतात, तिथे तो पकडणारच नाही. मग कुणी खिळ्याला दोरी बांधतं. ते करू नका. शेजारणीकडून आलेल्या जंपरचे पट्टे, शिवण, स्प्रिंग आधी ओढून बघा. आणि मोठं भावंडं त्याला झोका देणार नाही, याकडे लक्ष ठेवा.

चाकांच्या गोल वॉकरचं मात्र आमचं मत स्पष्ट आहे: घरात आणू नका. कॅनडाने 2004 सालीच त्यावर बंदी घातली. आपण हात पुसून वळेपर्यंत बाळ उंबऱ्यापलीकडे, जिन्यापाशी पोचतं. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो बाळ उभं राहून स्वतः ढकलतं, तरी तिथेही कुणीतरी मागे हवंच.

आणि बाळ धरून उभं राहायला, खुर्चीतून चढून बाहेर यायला लागलं, की खुर्ची माळ्यावर टाका.