अंगणातील पाण्याचा हिशेब

(एका गृहरचना संस्थेच्या कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून तहानलेल्या लातूरकडे पाण्याची रेल्वेगाडी धावली. पहिल्या खेपेस दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी गेले. त्याविषयीचा लेख लिहीत मी घराच्या ओसरीवर बसलो होतो. एवढ्यात पत्नी म्हणाली, ‘‘अहो, लातूरचे लिहिताय खरे, पण तुमचा पाइप अर्ध्या तासापासून हिरवळीवर चालू आहे!’’ लेखणी तेथेच थांबली. आज बोलणार आहे ते त्या दिवशी सुरू केलेल्या हिशेबाविषयी.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. माझी हिरवळ ५०० चौरस फुटांची, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. उन्हाळ्यात दररोज पाच मिलिमीटर पाणी दिले तरी २३० लिटर होतात. ग्रामीण भागात माणशी, दररोज ५५ लिटर पाणी पोहोचविण्याचे उद्दिष्ट २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ठेवले. म्हणजे चार माणसांच्या वाट्याचे पाणी माझे गवत पीत होते!

बारमाही हिरवळीची ही हौस आपण इंग्लंडकडून घेतली. तेथे थंड हवा आणि वर्षभर थोडाथोडा पाऊस असतो. आपल्याकडे मात्र बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. गणरायाला वाहतो ती दूर्वा पाहा. वैशाखात ती पिवळी पडते, मुळांशी प्राण राखते आणि पहिल्या सरीसरशी पुन्हा हिरवी होते. उन्हाळ्यात तिला पिवळे होऊ देण्यात गृहस्थाला कसलाही कमीपणा नाही.

आपल्या आजीच्या परसात हिरवळ नव्हती, पण हिरवाई होती. न्हाणीघराच्या मोरीचे पाणी केळी आणि अळूच्या वाफ्यात जाई. आज साबण बदलले आहेत, म्हणून थोडे तारतम्य हवे. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी थेट कुंड्यांना घालावे. स्नानाचे पाणी कर्दळीसारख्या शोभेच्या झाडांना द्यावे आणि ते त्याच दिवशी वापरावे. फिनेल किंवा तीव्र डिटर्जंट मिसळलेले पाणी मात्र बागेत नको.

पाणी घालण्याचीही वेळ असते. भर दुपारी घातलेल्या पाण्यातील बराच भाग उन्हाने उडून जातो. म्हणून सकाळी लवकर, पानांवर न शिंपडता मुळांशी पाणी द्यावे. आळ्यात वाळलेल्या पानांचा दोन-तीन इंचांचा थर पसरावा, ओल टिकते. आपण पालापाचोळा जाळतो आणि मग जमीन कोरडी पडते म्हणून पाइप लावतो, ही केवढी विसंगती! गावी जायचे असेल तर झाडाजवळ मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावे आणि तोंड झाकावे. माती कोरडी होईल तसे पाणी आपोआप झिरपत राहते.

आणि आकाशातून येणारे पाणी? १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ९,००० लिटर पाणी जमा होते. ते गाळून टाकीत साठवावे किंवा कूपनलिकेच्या पुनर्भरणाला द्यावे. गटाराला ते दान करण्यात कोणते पुण्य आहे?

आमच्या घरी हिरवळीचा आता चौथा हिस्सा उरला आहे. बाकीच्या जागेत कण्हेर, तगर, अडुळसा आणि कोरफड आहे. पाइप गुंडाळून ठेवला आहे.

माता-भगिनींनो, तुळशीला आपण तांब्याने पाणी घालतो, तेही मोजके आणि मुळाशी. सांडले तर हळहळतो. वृंदावनापुरती असलेली ही शिस्त उद्या सकाळपासून साऱ्या बागेला लावू या. एवढेच मागणे मागून मी थांबतो.