उसाची ट्रॉली आणि ट्रॅक्टरचे आरसे

गाळप हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चालकाला पुढचा रस्ता उंचावरून स्वच्छ दिसतो. पाठीमागे मात्र उसाची भिंत उभी असते. मागून कोण येते आहे, हे कळण्याचे त्याच्याकडे एकच साधन, ते म्हणजे दोन बाजूंचे आरसे. मडगार्डजवळचा नेहमीचा आरसा सुट्या ट्रॅक्टरला पुरतो. भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा रुंद असते, म्हणून ती जोडली की याच आरशात उसाखेरीज फारसे काही दिसत नाही.

मोठा आरसा आणला की काम भागेल, असा समज आढळतो. पण काच किती मोठी यापेक्षा ती कुठे बसवली, याला महत्त्व अधिक. ट्रॅक्टरच्या मधोमध मागेपुढे जाणारी एक रेषा कल्पावी. मडगार्डच्या कडेचा आरसा या रेषेपासून साधारण 90 सेंटिमीटरवर येतो. भरलेल्या ट्रॉलीची रुंदी अडीच मीटर धरली, तर उसाची कड 125 सेंटिमीटरवर, म्हणजे आरशाच्या 35 सेंटिमीटर बाहेर पडते. ट्रॉलीचे तोंड आरशाच्या 3 मीटर मागे असेल, तर आरशातली नजर उसाच्या कडेला घासून तिरकी निघते आणि दर 3 मीटरला 35 सेंटिमीटर बाहेर सरकते. उसापासून दीड मीटर अंतर राखून पुढे जाऊ पाहणारा मोटारसायकलस्वार अशा आरशात दिसतो, तो 16 मीटरच्या आत आल्यावरच. तोवर तो मागच्या ट्रॉलीच्या शेपटाशी पोचलेला असतो. नेमका त्याच क्षणी चालकाने खड्डा चुकवायला ट्रॅक्टर उजवीकडे घेतला, तर त्या माणसाला सावरायला वाव उरत नाही.

हाच आरसा मधल्या रेषेपासून 140 सेंटिमीटरवर नेला, म्हणजे उसाच्या कडेबाहेर 15 सेंटिमीटर काढला, की नजर ट्रॉलीच्या कडेने सरळ मागे जाते आणि तोच मोटारसायकलस्वार बराच आधी दिसतो. अमेरिकेत पिकअप ट्रकमागे बोटीची किंवा घोडे वाहून नेण्याची ट्रॉली जोडतात, तेव्हा बाहेर ओढता येणारे आरसे वापरतात, तेही याच कारणासाठी.

आरसा बाहेर काढला की त्याचा दांडा लांबतो आणि लांब दांडा थरथरतो. थरथरत्या काचेत सगळे धूसर दिसते. म्हणून एकाच पट्टीवर आरसा टांगू नये. पोकळ पाइपचा दांडा घ्यावा, त्याला खालून तिरका आधार देऊन त्रिकोण करावा आणि पकडीत रबर घालावे. दांडा यू-बोल्टने आवळावा व त्याला चेकनट लावावेत. चालकाच्या रक्षणासाठी असलेल्या चौकटीला भोक पाडू नये किंवा वेल्डिंग करू नये. त्याने ती कमकुवत होते. दांड्याला स्प्रिंगचा सांधा असावा. फडात शिरताना आरसा आत दुमडता येतो आणि कुठे धक्का बसलाच तर तो मोडण्याऐवजी वळतो.

दर बाजूला दोन काचा असाव्यात. वर मोठी सपाट काच. तिच्यात वाहनाचे अंतर बरेचसे खरे वाटते. खाली छोटी फुगीर काच. तिच्यात जवळचा रुंद पट्टा आणि ट्रॉलीची चाके दिसतात. फुगीर काचेत वाहन लहान आणि लांब भासते. त्यामुळे केवळ तिच्यात पाहून वळण घेणे धोक्याचे.

आरसे ट्रॉली भरल्यावर लावावेत, कारण रचलेला ऊस रिकाम्या ट्रॉलीच्या बाहेर येतो. चालकाने जागेवर बसावे आणि दुसऱ्या माणसाने काच फिरवावी. सपाट काचेच्या आतल्या कडेला उसाची बोटभर पट्टी दिसावी, बाकी काचेत रस्ता यावा. वळताना ट्रॉलीची चाके ट्रॅक्टरच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून नजर आतल्या बाजूच्या आरशावर हवी. पाचटाची धूळ आणि पहाटेचे दव यांनी काच आंधळी होते, तेव्हा प्रत्येक खेपेआधी ती पुसावी आणि बोल्ट हाताने हलवून पाहावेत. आरसा बाहेर आला म्हणून ऊस आणखी बाहेर रचणे मात्र सर्वथा चूक. त्याने आरसा पुन्हा झाकला जातो.

एवढे करूनही ट्रॉलीच्या थेट पाठीमागचा भाग कोणत्याच आरशात येत नाही. तेथे आरशाचे काम माणसाने आणि उजेडाने करायचे असते. ट्रॅक्टर मागे घेताना चालकाला दिसेल अशा जागी एक माणूस उभा असावा आणि मागच्या ट्रॉलीवर लाल परावर्तक पट्टी असावी. चालकाला जो मागचा माणूस दिसत नाही, त्याला निदान ट्रॉली तरी लांबून दिसलीच पाहिजे.