बालाघाटावरचा उंच वारा

बीडहून मांजरसुंब्यामार्गे पाटोद्याकडे निघालं, की बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या दिसू लागतात. त्यांच्याही वर, काही शे मीटरांवर, वारा सहसा जास्त जोराचा आणि सलग असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्यातली शक्ती आठपट होते! पण तेवढा उंच मनोरा उभारणं फार महाग. म्हणून शास्त्रज्ञ पतंगाकडे वळले.

हा भलामोठा पतंग आकाशात आडव्या इंग्रजी आठाच्या आकारात झेपावतो. दोर खेचला जातो, जमिनीवरचं रीळ फिरतं, त्याला जोडलेलं जनित्र वीज देतं. दोर पुरता सुटला, की पतंगाचा ताण कमी करून, थोडी वीज खर्चून तो पुन्हा गुंडाळायचा. अमेरिकेच्या माइल्स लॉइड यांनी १९८० साली याचं गणित मांडलं.

वाट मात्र सोपी नाही. दोर झिजतो, वादळ-विजेचा धोका असतो, विमानांचा मार्गही सांभाळावा लागतो. पंखावरच जनित्रं बसवणारा ‘मकानी’ हा मोठा प्रकल्प २०२० मध्ये बंद पडला. तरीही युरोपात प्रयोग चालू आहेत. बीड-अंबाजोगाईच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनो, हा विषय जरूर अभ्यासाला घ्या.