जास्वंदीवरचं घरटं

(रौप्यमहोत्सवी वर्षात संस्थेच्या सभागृहात झालेल्या स्लाइड शोच्या आधी केलेले भाषण)



पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला ‘वाट पाहणे’ या विषयावर बोलायला सांगणं हा थोडा विनोदच आहे. कारण बँकेत वाट पाहायचे ते समोरचे ग्राहक, आम्ही नव्हे! निवृत्तीनंतर, २०१० साली, मी कॅमेरा हातात घेतला आणि काउंटरच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

कॅमेरा तसा तरुणपणीही होता. पण तेव्हा रोलमध्ये छत्तीस फोटो यायचे, आणि धुलाई-छपाईचा खर्च धरला की प्रत्येक क्लिकला पोटात गोळा यायचा. त्यामुळे लग्नं, मुंजी आणि महाबळेश्वर एवढ्यावरच भागलं. डिजिटल आल्यावर क्लिक फुकट झालं, आणि माझ्यासारख्याची घाई वाढली ती तिथूनच.

पहिला धडा भिगवणला मिळाला. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर, उजनी धरणाचं मागचं पाणी. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी येतात. चोच उलटी करून चिखलपाण्यातून बारीकसारीक खाद्य गाळून घेत असतात, तासन् तास. मला हवा होता तो उडतानाचा फोटो, पंखांची लाली दाखवणारा. नावाड्याला म्हटलं, “जरा जवळ घे की, उडतील.” त्यानं इंजिन बंद केलं आणि बांबू पाण्यात रोवला. म्हणाला, “सायेब, मी उडीवलं तर ते पळत्यात. आपनहून उडत्यात तवा येगळं दिसतंय. बसा.” दीड तास बसलो. उन्हानं टाळू तापली. मग थवा पाण्यावरून चार पावलं धावत, एकामागून एक उठला. तो फोटो आज तुम्ही बघालच. पण धडा मला तेव्हा कळला नाही. मला वाटलं, नावाडी डिझेल वाचवतोय.

ताडोब्याचं जास्त सांगत नाही. चार सफारींत वाघाची शेपटीही दिसली नाही. पाचव्यांदा दिसला तो आमच्या सौ.ना. मी खाली वाकून लेन्स बदलत होतो. ही गोष्ट आमच्या घरी दर दिवाळीला सांगितली जाते, म्हणून इथे आटोपती घेतो.

या छंदात मोठी माणसं होऊन गेली. शंभरएक वर्षांपूर्वी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचे वनाधिकारी संयुक्त प्रांताच्या जंगलात वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवायचे. वाघाचा पाय लागला की फ्लॅश उडायचा, म्हणजे वाघ आपला फोटो आपणच काढायचा. त्या काळात साहेब लोक बंदूक घेऊन जात, हे कॅमेरा घेऊन गेले. आणि आपले सलीम अली. १९३० साली हाताला नोकरी नव्हती, तेव्हा अलिबागजवळ किहीमला राहून सुगरणींच्या घरट्यांवर नजर ठेवून बसले. नर घरटं अर्धं विणतो, मादीनं पसंत केलं तरच पुरं करतो, आणि ते मार्गी लागलं की दुसरं विणायला घेतो, हे त्या बसण्यातून उलगडलं.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. स्मरणिका समितीनं मुखपृष्ठासाठी माझा शिंजीर पक्ष्याचा फोटो मागितला होता. जुन्या सभासदांना आठवत असेल, लोंबत्या घरट्यातून दोन पिल्लं चोची वासून आहेत आणि आई घास देते आहे. आपल्या ऑफिसात तो वर्षभर लावलेला होता. मग मीच काढून नेला, फ्रेमला वाळवी लागली म्हणून. वाळवी लागली नव्हती.

ते घरटं २०१३ साली सी विंगच्या मागच्या जास्वंदीवर होतं. कोळिष्टकं, वाळकी पानं, साली यांची ओंजळभर पिशवी, आणि वर पानांचा पडदा. तीन दिवस बसूनही ऊन आत पोचेना. चौथ्या दिवशी मी घरून कात्री आणली आणि समोरच्या दोन डहाळ्या कापल्या. दोनच. फोटो पहिल्या अर्ध्या तासात मिळाला. अगदी स्वच्छ, पिल्लांच्या चोचीतला पिवळा रंगसुद्धा दिसतो. पण जे मला दिसत होतं, ते कावळ्यालाही दिसत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी घरटं फाटलेलं होतं. मादी आणखी दोन दिवस चोचीत किडे घेऊन तिथे येत होती.

लोक फोटोचं कौतुक करत, मी ‘थँक्यू’ म्हणे. अकरा वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, सौ.नासुद्धा आत्ताच कळतंय. फोटो मी समितीला का दिला नाही, त्याचं कारण हे.

यंदाच्या फेब्रुवारीत गेटजवळच्या गुलमोहराच्या वाळक्या फांदीला खालच्या अंगानं तांबटानं भोक पाडायला घेतलं. तोच तो टुक्-टुक् करणारा, चिमणीएवढा, कपाळाला लाल टिळा. फांदी रंगकामाआधी छाटायची असं आधीच ठरलेलं होतं. मी सचिवांकडे गेलो. फांदी पडली तर जबाबदार कोण, यावर दोन मीटिंगा झाल्या. शेवटी खाली दोरी बांधायची आणि मे महिन्यापर्यंत थांबायचं ठरलं. बी विंगच्या दोन सभासदांनी आपल्या गाड्या रस्त्यावर लावल्या. सोसायटीत हक्काचं पार्किंग सोडणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको!

मी गच्चीवर पाण्याच्या टाकीआड रोज साडेसहा ते आठ बसत होतो. बरेच दिवस नुसती आई-बापांची पाळीपाळीनं ये-जा चालली होती. एक आत शिरला की दुसरा बाहेर. मग एके दिवशी भोकातून एक डोकं बाहेर आलं. अजून लाल टिळा नसलेलं.

मुखपृष्ठावर तो फोटो आहे. लांबून घेतल्यामुळे थोडा धूसर आलाय, आणि चोचीवरून एक काडी आडवी गेली आहे. संपादक म्हणाले, कॉम्प्युटरवर काढता येईल. मी म्हटलं, राहू दे.

बरं, कुणीतरी दिवे बंद करा. पहिला फोटो भिगवणचा.