कलकत्त्याची झाडे कोणी पाडली?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



२० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळ सुंदरबनाच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्याच संध्याकाळी कलकत्त्यावरून गेले. डमडम येथे वाऱ्याचा वेग ताशी १३३ किलोमीटर नोंदला गेला. त्या एका रात्रीत शहरातील पाच हजारांहून अधिक झाडे पडली. कॉलेज स्ट्रीटच्या दुकानांतील पुस्तके रस्त्यावरच्या पाण्यात तरंगू लागली. ‘निसर्गाचा कोप’ असे म्हणून विषय मिटवणे सोपे असते. माझे भांडण त्या दोन शब्दांशी आहे.

वारा निसर्गाचा होता, हे मान्य. त्या महिन्यात बंगालचा उपसागर कमालीचा तापलेला होता, आणि समुद्र का तापतो आहे हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण तूर्त ते बाजूला ठेवू. झाड मुळासकट का उपटले जाते, एवढाच प्रश्न घेऊ. शहरातील रस्त्याकडेला गुलमोहर, सोनमोहर अशी झटपट वाढणारी झाडे लावली जातात, कारण सावली लवकर दिसते आणि उद्घाटनाचा फलक शोभतो. मग त्याच मातीत एकदा नळासाठी, एकदा गटारासाठी, एकदा केबलसाठी खणतात. कंत्राटदार मुळे तोडतो आणि जाताना बुंध्यापर्यंत काँक्रीट ओततो. वर तारांना लागतात म्हणून फांद्या छाटायच्या, त्याही एकाच अंगाच्या. असे झाड जमिनीत नसते, ते कुंडीत असते. वाऱ्याने त्याला फक्त शेवटचा धक्का दिला.

झाड पडले की तार तुटते, वीज जाते, पंप थांबतो, नळ कोरडा पडतो. दक्षिण कलकत्त्यातील कित्येक वस्त्यांत दिवसेंदिवस वीज व पाणी नव्हते. लोक रस्त्यावर उतरले. टाळेबंदीमुळे माणसे अपुरी आहेत, असे सांगण्यात आले. अखेर २३ मे रोजी लष्कराला पाचारण करावे लागले. पालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत त्याच महिन्यात संपली होती आणि कारभार प्रशासक मंडळाकडे होता. कायम नोकरीतला लाईनमन घटवायचा, काम कंत्राटी माणसावर काढायचे आणि संकट आले की ‘माणसे नाहीत’ म्हणायचे, हा प्रकार आपल्याकडेही काही नवलाचा नाही.

इमारतींविषयी फार सांगायला नको. उंच इमारतींच्या काचा फुटल्या, त्या यथावकाश बसल्या. कलकत्त्यातील जवळजवळ एक तृतीयांश लोक वस्त्यांत राहतात. तेथे कौले गेली, पत्रे उडाले. राज्य सरकारने घरांसाठी २० हजार रुपयांची मदत जाहीर केली. पण जिल्ह्याजिल्ह्यांतून लाभार्थ्यांच्या याद्यांविषयी तक्रारी उठल्या, ज्यांचे घर शाबूत त्यांची नावे यादीत सापडली आणि याद्या पुन्हा कराव्या लागल्या.

या शहराला वादळ अपरिचित नव्हते. ५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळात तेथे हजारो माणसे मेली. त्या आघाताच्या व पाठोपाठच्या दुष्काळांच्या धड्यातूनच १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. शिबपूरच्या वनस्पती उद्यानातील प्रचंड वडाने तेही वादळ सोसले. पुढे बुरशीने पोखरलेले त्याचे मूळ खोड १९२५ साली काढून टाकावे लागले. तरीही झाड पारंब्यांवर उभे आहे. अम्फानमध्ये त्याच्याही काही पारंब्या गेल्या, पण झाड राहिले. तेथे पारंब्या जमिनीत उतरू देतात, हे ध्यानात घ्या.

अम्फाननंतर दोनच आठवड्यांनी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग वादळाने आपल्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. तेव्हा हे दूरचे दुःख नव्हे. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरणाने दर पाच वर्षांनी झाडांची गणना करावयाची असते. आपल्या प्रभागाची शेवटची गणना कधी झाली, बुंध्याभोवतीचे काँक्रीट कोणाच्या सहीने ओतले गेले आणि त्याचे बिल कोणी घेतले, ही माहिती प्रत्येक शाखेने पावसाळ्यापूर्वी लेखी अर्ज करून मागवावी. अर्जाचा मसुदा मी सोबत आणला आहे. चहाच्या वेळी तो घेऊन जावा.