न विचारलेला प्रश्न

अमेरिकेतील सॅन डिएगो शहरी १९८० नंतरच्या दशकात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी हे स्थूल रुग्णांवर उपचार करीत असत. वजने भराभर उतरत. परंतु ज्यांना उत्तम गुण येई, नेमके तेच कित्येकदा मध्येच निघून जात. हे कोडे उलगडावे म्हणून डॉक्टरांनी एकेकाला त्याची जीवनकथा पुसली. तेव्हा अनेकांवर बालपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले. त्यांतील काहींना लठ्ठपणा ही व्याधी वाटतच नव्हती. परक्या नजरांपासून वाचविणारे ते चिलखत होते. वैद्य काढून घेऊ पाहत होता, तो रोग्याचा आसराच होता!

पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्या साहाय्याने १९९५ ते १९९७ या काळात १७,००० हून अधिक प्रौढांची अशीच विचारपूस झाली. १९९८ च्या पहिल्या निबंधानुसार, चार वा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांत मद्यासक्ती, खिन्नता, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट आढळला. ही मंडळी बहुतांशी सुशिक्षित, मध्यमवर्गीय होती.

मग ती इतकी वर्षे मुकी का राहिली? एक तर कोणी विचारलेच नव्हते. शिवाय ज्याला विश्वासातल्या वडीलधाऱ्यानेच दुखविले, त्याला तपासणीच्या मेजावर निजणे किंवा दंतवैद्यापुढे तोंड उघडून बसणे हीदेखील शिक्षा वाटू शकते. तो ठरल्या दिवशी येत नाही, आणि त्याच्या नावापुढे ‘हेकट’ असा शेरा पडतो. स्पर्श करण्यापूर्वी तसे सांगणे, ‘थांबा’ म्हणताच हात मागे घेणे, सारी हकिगत एकाच बैठकीत न उकरणे, एवढ्यानेही असा रोगी पुन्हा दाराशी येतो.

रोगी अजून बालक असेल, तर प्रश्न अधिक नाजूक होतो. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन भारतातील डॉक्टरला देता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमान्वये असा गुन्हा कळविणे बंधनकारक आहे. खोटे वचन देऊन मूल बोलते करण्यापेक्षा हे आधीच सांगितलेले बरे. त्याच कायद्यानुसार तपासणी आईबापांसमक्ष, किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा व्यक्तीसमक्ष करावयाची असते. मुलीची तपासणी स्त्री-डॉक्टरने. घरातलेच कोणी अपराधी असेल, तेव्हा ती विश्वासाची व्यक्ती कोण, हे मुलालाच विचारावे लागते.